गोरुनींचं उजवं पान

मी तिरातुर. कारावांक मठात चाळीस वर्षं पोथ्या लिहितोय. डोळे अधू झालेत, पाठीला पोक आलंय आणि स्वभाव पहिल्यापासूनच तिरसट. एकच गोष्ट माझ्याकडे चांगली होती, ती म्हणजे अक्षर. त्याचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या मोठ्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पोथीच्या शेवटी गोरुनी सरदारांची वंशावळ आहे. ती माझ्याच हातची. दोन पानं समोरासमोर. डावीकडे घराण्यातली जिवंत माणसं, उजवीकडे मेलेली. कुणी गेलं की डावीकडच्या नावापाशी बारीक क्रूस काढायचा आणि उजवीकडे त्याच ओळीत नाव लिहायचं. वर्षातून एकदा, पवित्र क्रुसाच्या सणानंतरच्या सोमवारी, म्हणजे मृतांच्या दिवशी, ही पानं वेदीपुढे मोठ्यानं वाचायची. त्यासाठी गोरुनींनी मठाला एक द्राक्षमळा दिला होता, आणि तो करार चर्चच्या भिंतीवर कोरलेला आहे. विसरायची सोयच नाही.

गेली अकरा वर्षं मी फक्त उजवं पान वाचत होतो. डावीकडे वाचण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. गुर्गेन सरदार गेले, त्यांची बायको खोरिशा गेली, ग्रिगोर आणि देरेनिक हे दोन्ही मुलगे तातारांच्या फौजेबरोबर कुठल्याशा परक्या लढाईत पडले. किल्ला दुसऱ्याच सरदाराकडे गेला. एवढं मोठं घराणं, आणि शेवटी माझ्या दोन पानांत मावलं.

त्या वर्षी सणाला दहाएक दिवस होते. छपरांवर जर्दाळू वाळत घातले होते आणि मी खिडकीपाशी बसून शाई गाळत होतो. उंबऱ्यात एक बाई येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीच्या पुढची, उन्हानं रापलेली, अंगावर तातारी बायकांसारखा लांब झगा. मी तिला म्हटलं, भाकरी हवी असेल तर स्वयंपाकघर पलीकडे आहे.

"भाकरी नको," ती म्हणाली. "तिरातुरबाबा, उपवासात अजून अक्रोड चोरून खाता का?"

अक्रोडांची गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती. गुर्गेन सरदारांची मुलगी वानेनी. लहानपणी ती माझ्याकडे अक्षरं गिरवायला यायची आणि मला पकडल्यावर गप्प राहण्याबद्दल निम्मे अक्रोड मागायची. सतराव्या वर्षी तिला तातारांच्या खानाकडे ओलीस म्हणून पाठवलं. बाप इमानदार राहावा म्हणून पोरीला गहाण टाकायचं, असे ते दिवस होते. आणि तिकडे जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच ती मेली. निदान माझ्या पोथीत तरी.

मी तिला बसायला सांगितलं. तिनं सगळं सरळ सांगितलं, रडली नाही. तिकडे एका तातारी अंमलदाराशी तिचं लग्न लावून दिलं. मूल झालं नाही. नवरा वारला, तेव्हा सवतीच्या मुलांनी तिला थांबवलं नाही की हाकललंही नाही, ती निघाली हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नसावं. मिठाच्या तांड्याबरोबर चालत ती सात महिन्यांनी आपल्या गावी पोचली. किल्ल्यातल्या लोकांनी दार उघडलं नाही. मग ती गावच्या पाद्र्याकडे पापांची कबुली द्यायला गेली आणि आपलं नाव सांगितलं. तो भला माणूस. त्यानं छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, बाई, गोरुनींची वानेनी कधीच देवाघरी गेली, मी दरवर्षी तिच्यासाठी प्रार्थना करतो. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन फिरणं चांगलं नव्हे. पवित्र पुस्तकात लिहिलंय, ते खोटं कसं असेल?

"कोणी लिहिलं, ते मला ठाऊक आहे," वानेनी म्हणाली. "अक्षर तुमचंच असणार."

मग मला सांगावंच लागलं. परक्या मुलखातून मृत्यूची बातमी आली तर दोन माणसांनी शपथ घ्यायची आणि वर्षभर थांबायचं, असा आमचा नियम. तातारांच्या ताब्रिझ शहराहून एकच व्यापारी आला होता. गोरुनींची मुलगी तिकडे तापानं गेली म्हणाला. पुढे कधीतरी मला वाटलं, मेली ती हिच्याबरोबर गेलेली दासी असेल. पण तेव्हा गुर्गेन सरदार स्वतः इथं आले आणि या खिडकीशी उभे राहिले. खोरिशाबाईंनी नवस केला होता, मुलगी परत येईपर्यंत मांस, दूध, दारू काही घ्यायचं नाही. दोन वर्षांत त्यांच्या हाडांवर नुसतं कातडं राहिलं होतं. सरदार म्हणाले, लिही, तिला एकदाच रडू दे आणि जेवू दे. मी वर्षभर थांबलो नाही. दुसऱ्या शपथेची वाट पाहिली नाही. लिहिलं.

वानेनीनं छपरावरच्या जर्दाळूंकडे बघत विचारलं,

"मग आई जेवली?"

"जेवली. नंतर नऊ वर्षं जगली."

तिनं मान हलवली. रागावेल, शिव्या देईल असं वाटलं होतं, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त एक मागणं केलं. सोमवारी ती चर्चमध्ये उभी राहणार होती. आपलं नाव मेलेल्यांत वाचलेलं तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं नव्हतं. ते उजवीकडून काढायचं आणि डावीकडे लिहायचं. किल्ला नको, द्राक्षमळा नको.

"एवढ्या जगात कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणावं की मी जिवंत आहे," ती म्हणाली. "मग मी मेले तरी चालेल."

मागणं साधं होतं आणि माझ्या जिवावर आलं. कारण त्या वंशावळीखाली, आम्ही सगळेच लिहिणारे लिहितो तसा, मी शाप लिहिला होता. जो कुणी यातलं एक नाव खरवडेल, त्याला येशूला विकणाऱ्या यहूदाचा वाटा मिळो, भावाला मारणाऱ्या काइनाचा थरकाप लागो, त्याचं स्वतःचं नाव स्वर्गातल्या जीवनाच्या पुस्तकातून पुसलं जावो. इतर लिहिणारे दोन ओळींत आटपतात. मी तरुण होतो, मी सात ओळी लिहिल्या. शेजारच्या मठातले लोक तो शाप बघायला यायचे आणि मी कोंबड्यासारखा मान ताठ करून उभा राहायचो.

मठाधिपती होवासाप यांच्याकडे गेलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण डोकं शांत. त्यांनी वानेनीला दोन-चार गोष्टी विचारल्या, मग तिला बाहेर पाठवलं.

"ती खरं बोलतेय," ते म्हणाले. "पण शापात चुकीच्या नावाला सूट ठेवलीय का तुम्ही?"

नव्हती ठेवली. माझ्या हातून चूक होईल हे त्या वयात माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते म्हणाले, मी हुकूम देणार नाही आणि अडवणारही नाही. शाप तुमचा, मान तुमची.

मी चार दिवस काढले. मला भीती वाटत होती, उगाच शूरपणाचा आव कशाला आणू? ज्याला बायको नाही, मूल नाही, भाऊबंद सोडून चाळीस वर्षं झाली, त्याला जीवनाच्या पुस्तकातल्या त्या एका नावाशिवाय दुसरं काय असतं? पण रोज सकाळी ती बाई अंगणात बसलेली दिसायची. कुणाशी बोलत नसे. मठातले लोक तिला वळसा घालून जात, मेलेलं माणूस म्हणूनच जणू. पाचव्या दिवशी मी पातं दगडावर घासलं. पानाचं कातडं ओलं केलं आणि देरेनिकच्या नावाखालचं नाव, शिवाय डावीकडचं क्रूस काढलेलं तिचं नाव हलक्या हातानं खरवडलं. अठ्ठावीस वर्षांची शाई, लवकर सुटेना. मग डाव्या पानावर, क्रूस काढलेल्या सगळ्या नावांच्या तळाशी, सणाच्या पोथीला वापरतात त्या तांबड्या रंगानं लिहिलं, वानेनी. तिला दाखवलं. तिनं बोट लावलं नाही, रंग ओला होता. पण हसली. सतरा वर्षांची असताना हसायची तशी.

सोमवारी चर्च भरलं होतं. पाचही गावचे लोक आले होते. वानेनी खांबापाशी उभी होती, धुतलेली ओढणी डोक्यावर घेऊन.

आमच्याकडे रीत अशी की जिवंतांचं पान आधी वाचायचं. जिवंत माणसाचं नाव घेतलं की त्याच्या घरच्यांनी उत्तर द्यायचं, प्रभू, दया कर. घरच्यांनीच. स्वतःसाठी स्वतः म्हणायचं नसतं. दुसऱ्यांच्या घरात तोंड घालायचं नसतं. हे मला, दरवर्षी वाचणाऱ्या माणसाला, आठवायला नको होतं का? पण अकरा वर्षांत डावं पान वाचायची सवयच गेली होती.

मी मोठ्यानं वाचलं, "गोरुनी घराण्याची वानेनी."

कुणी उत्तर दिलं नाही. लोक इकडे-तिकडे बघू लागले, हिचं कोण आहे म्हणून. कुणी नव्हतं. कुठंतरी एक मूल खोकलं. मी तिचं नाव पुन्हा घेतलं, आवाज चढवून, आणि पुन्हा तेच. ती खाली फरशीकडे बघत होती. मीच म्हणायला तोंड उघडलं, पण वाचणाऱ्याला उत्तर देता येत नाही, आणि मी तिच्या घरचा नव्हतो. शेवटी उजव्या पानाकडे वळलो. गुर्गेन. खोरिशा. ग्रिगोर. मेलेले सगळ्यांचेच असतात, त्यांना अख्खं चर्च उत्तर देतं. दर नावाला पाच गावं एका आवाजात म्हणत होती, प्रभू, दया कर. देरेनिकच्या नावानंतर लोकांनी सवयीनं पुढच्या नावासाठी श्वास घेतला. मी पुस्तक मिटलं.

बाहेर ती भिंतीला टेकून उभी होती. रीत विसरलो, माफ करा, एवढं म्हणालो.

"आधी माझं नाव देरेनिकच्या नंतर वाचायचा ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"हो, बाईसाहेब."

"आणि हे सगळे लोक उत्तर द्यायचे? असेच, एका आवाजात?"

"दरवर्षी."

तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"अठ्ठावीस वर्षं," ती म्हणाली. "आणि मी ऐकायला नव्हते."