उणे तीसमध्ये बर्फ करायला माणूस पाहिजे

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण यात मी चांगला दिसत नाही.

मी शेरविन, वसईचा. इथे बहरीनला सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये फ्रीजरच्या गाड्या रिपेअर करतो. कोर्सबिर्स काही नाही, बघून बघून शिकलो. अँड्र्यू माझ्याच आळीतला. त्याच वर्कशॉपचा स्टोअरकीपर. रूमही एकच.

कॅनडाच्या उत्तरेतल्या एका गावाची स्कीम त्यानेच शोधली. तिकडे कामाला माणसं मिळत नाहीत, म्हणून गावची कमिटीच बाहेरचा माणूस निवडते आणि पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, शिफारस देते. अँड्र्यू वर्षभर त्याच्या मागे होता. मलाही ओढत इंग्लिशच्या परीक्षेला बसवलं, फॉर्म त्यानेच भरला.

"उणे तीसमध्ये फ्रीजवाला कोणाला पाहिजे रे?"

"गप. सही कर. मला सोबत होईल."

महिन्यापूर्वी दोघांचे व्हिडिओ कॉल झाले. मला कमिटीतल्या एका बाईंनी कॉम्प्रेसरबद्दल विचारलं. कशाला विचारतायत कळलं नाही, पण मी बोलत सुटलोच.

काल जेवताना मेल आला. शिफारस. मला.

तीनदा वाचला. गावात बर्फावर खेळायचा मोठा हॉल आहे, त्या बर्फाची मशीन सांभाळायला माणूस हवाय. बाहेर सगळा बर्फ, आणि आत बर्फ करायला मी. खुबूस रोटीचा तुकडा हातातच राहिला.

अँड्र्यूने आपला फोन बघितला. त्यालाही मेल होता. स्टोअरकीपर नको होता त्यांना.

"मी नाही जात," मी म्हटलं.

"येडा आहेस काय?"

मग त्याने फोनमधला एक जुना फोटो काढून माझ्यासमोर धरला. सात वर्षांपूर्वी मीच त्याला वसईला पाठवलेला. इथला श्रीमंत एरिया जुफैर, मागे उंच बिल्डिंगा, मी कोणाच्या तरी पांढऱ्या गाडीला टेकून. तेव्हा मी इथेच सलमाबादला आठ जणांच्या खोलीत राहायचो.

"हा बघून आलो मी. वसईची नोकरी सोडून."

सुन्न झालो. मेल वाचून झालो नव्हतो एवढा. सहा वर्षं शेजारच्या बेडवर झोपतोय हा, आणि एक शब्द बोलला नव्हता.

"आधी का नाय बोललास?"

"काय बोलणार? मी पण घरी तसलाच पाठवला. दुसऱ्या गाडीला टेकून."

मग तोच म्हणाला, "तू जा. मी पुढच्या वर्षी परत भरतो. पण या वेळेला खरं कळव. त्यावर ठरवीन."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, पहिला फोटो एअरपोर्टचा नाही, गाडीचा नाही. खोलीचा पाठवीन, जशी असेल तशी. आणि थंडी नाही सोसली, तर ते आईच्या आधी तुला सांगीन.