वरचा कागद

"प्रेरणादायी बोला मॅडम, वीस मिनिटं," असं तुमच्या संयोजक बाई म्हणाल्या. मागं फलकावर पण लिहिलंय, 'स्वीय सहाय्यकांची प्रगती'. अन् बोलावलं कुणाला, तर मला! चौतीस वर्षं नोकरी केली. साहेबांची पीए म्हणून लातुरात आले, अन् पीए म्हणूनच घरी गेले. हसा, हसून घ्या पोरींनो. झालं हसून? मग ऐका.

मी भोकरकडची, पंचशीला ग्यानोबा सोनकांबळे. बहात्तरच्या दुष्काळात माझी माय, धुरपताबाई, रस्त्याच्या कामावर खडी फोडायची अन् मला नांदेडला टायपिंगच्या क्लासला धाडायची. पुढं ब्याऐंशीला लातूर नवा जिल्हा झाला. तिकडं कोण जातंय, असं आमच्या खात्यानं विचारलं, तर पहिला हात माझा. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघतील, एखाद्या दारावर आपल्या नावाची पाटी लागेल, असं लई वाटायचं. झोपेत पण पाटी दिसायची, खोटं कशाला सांगू.

माय लातूरला आली की मी टाइप केलेला एखादा कागद हातात घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण माझं नाव तेवढं ओळखायची. "ह्यात तुझं नाव कुठं हाय गं?" मी खाली डाव्या कोपऱ्यात बोट ठेवायचे. टाइप करणाऱ्याची खूण म्हणून तिथं बारीक 'पं.' असायचं.

"एवढंच?" माय म्हणायची. "अन् ही उजवीकडं एवढी मोठी दस्तखत कुणाची?"

ती बिरादार साहेबांची. वीरण्णा बिरादार, उदगीरचे. कपाळाला विभूती लावून बरोबर दहाला हजर. माणूस सोन्यासारखा, पण तापट; अन् वाचायचा भलता कंटाळा. सकाळी रागात कडक पत्र सांगायचे, दुपारी थंड झाले की म्हणायचे, "बाई, जरा मऊ करता येईल का?" परत टाइप करून माझी बोटं बेजार व्हायची. मग मीच रीत पाडली. महत्त्वाचं पत्र असलं की दोन कागद तयार करायचे, एक कडक, एक मऊ, अन् सहीच्या फाइलीत एकाखाली एक ठेवायचे. साहेब खूश. "दोन्ही ठेवत जा. मी बघून ठरवतो."

कशाचं बघतात! महिनाभरात माझ्या ध्यानात आलं की साहेब वरच्या कागदावर सही करतात अन् फाइल मिटतात. खालचा कागद त्यांनी कधी उचलून पाहिलाच न्हाई.

शहाऐंशीला पाण्याच्या टंचाईनं लई हाल केले. गावोगावचे अर्ज यायचे, टँकर द्या, टँकर द्या. साहेब वैतागून सांगायचे, "पुन्हा पाहणी करून प्रस्ताव पाठवा, असं लिहा." मी तसं लिहायचे. अन् दुसरा कागद करायचे, 'टँकर मंजूर'. ज्या गावची विहीर खरंच आटलेली, त्या गावचा मंजुरीचा कागद मी वर ठेवायचे. किती गावांना असं पाणी गेलं, ते मला ठाऊक. त्या गावांना 'पं.' म्हणजे कोण, ते आजही ठाऊक न्हाई.

त्याच उन्हाळ्यात परिपत्रक आलं. टंचाईच्या कामाला तालुक्यात अधिकारी नेमायचे, अन् त्यातल्या दोन जागा आमच्यासारख्या लघुलेखकांतून भरायच्या. एक जागा उदगीरची. वयाच्या अटीमुळं मला ही पहिली अन् शेवटची संधी होती. फक्त आपल्या साहेबाचं पत्र जोडायचं, की सोडायला हरकत नाही. मी अर्ज केला. मायला कळवलं. तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं की पंची आता दस्तखत करणार.

साहेबांनी मला बोलावलं. "घ्या लिहून. सदर कर्मचारी या कार्यालयास अत्यंत आवश्यक असून, सद्यःस्थितीत त्यांना सोडता येणार नाही."

पेन्सिल थांबली माझी. साहेब हसून म्हणाले, "अहो बाई, तुमच्याशिवाय माझं पान तरी हलतं का? तुम्ही गेलात तर मी काय करू?"

मायेनंच बोलले, हेच तर वाईट. मला रडू पण आलं अन् आतून बरं पण वाटलं. असली खुळी मी.

टेबलाशी येऊन रितीप्रमाणं दोन कागद केले. पहिला, 'सोडता येणार नाही'. दुसरा, 'सोडण्यास या कार्यालयाची हरकत नाही'. ते मशीन आयुष्यात कधी इतक्या जपून चालवलं नसेल. मग फाइल उघडली, अन् हात अडला.

वर ठेवायचं काय? गावांसाठी असा कधी हात अडला नव्हता. पण स्वतःसाठी वर ठेवायचं म्हणजे चोरी केल्यागत वाटलं. अन् खरं सांगू? मला वाटत होतं, आज तरी साहेबांनी वरचा कागद उचलावा. चार वर्षं ह्या माणसाच्या मनातलं मी ओळखत आले, एकदा त्यांनी माझ्या मनातलं ओळखावं. एवढीच आस होती हो. मी नकाराचा कागद वर ठेवला, फाइल नेली अन् टेबलापुढं उभी राहिले. एरवी मी उभी राहत नसे.

साहेबांनी टोपण काढलं. सही केली. फाइल मिटली. वर बघून म्हणाले, "काही राहिलंय का?"

"न्हाई साहेब," मी म्हटलं, अन् माझ्याच हातानं ते पत्र टपालात टाकलं.

मायला सांगितलं की जागाच रद्द झाली. ती दोन वर्षांनी गेली. शेवटपर्यंत म्हणायची, दुसरी जागा निघंल बघ.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी, हारतुरे आटोपल्यावर, मी तो खालचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला अन् कागद अगदी शेवटपर्यंत वाचला. मी टाइप केलेलं काही वाचताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अहो बाई," ते म्हणाले, "हा वर ठेवायचा की हो! मी याच्यावरच केली असती सही. मी कुठं वाचत होतो?"

अन् खिशातून पेन काढला. "आणा, आता करतो."

मी कागद ओढून घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला अन् संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

हा बघा तो. कडेनं पिवळा पडलाय, पण अक्षर ठळक हाय. खाली डावीकडं 'पं.', उजवीकडं कोरं. फिरवा सगळ्यांत, वाचा नीट. फक्त माझा मला परत द्या.