मास्तरांची ढिली शिवण

पणजोबांनी पुस्तकबांधणीचे दुकान थाटले, आजोबांनी त्याला नाव मिळवून दिले, वडिलांनी ते कसेबसे टिकवले. आणि वडील अकाली गेल्यावर गादीवर थोरली लेक बसली. तिला शिकवले मास्तरांनी. मास्तर आजोबांच्या हाताखाली तयार झालेले. शिकवण्याबद्दल आजोबांनी त्यांच्याकडून काही घेतले नव्हते. माझ्या घरातले कोणी शिकायला उभे राहिले तर त्याला शिकव, एवढेच बजावले होते. थोरलीला तयार केले आणि मास्तर त्या ऋणातून सुटले, असे सारेच धरून चालले. थोरली तर त्यांना देवाच्या खालोखाल मानी. दोरा किती ओढावा इथपासून प्रार्थनेत मान किती लववावी इथपर्यंत, सारे त्यांचे पाहून उचललेले.

यंदा प्रार्थनागृहाचा जुना ग्रंथ नव्याने बांधायला तिच्याकडे आला. तो बिघडला असता, तर दुकानाचे नाव कायमचे गेले असते. आणि नेमके तेव्हापासून मास्तर, काही काम नसताना, दुकानात येऊन बसू लागले.

दुपारी जेवून परतली, की थोरलीला आपली शिवण परकी वाटे. गाठ तीच, टाकाही तोच. दोरा मात्र ढिला. आईने सरळ सांगून टाकले, की हे काम मास्तरांना हवे होते आणि म्हातारपणी पोटातली जळजळ वाढतेच. थोरलीने आईला गप्प केले खरे, पण संशयाचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मास्तरांनी चहाची तारीफ केली तरी तिला त्यात काळेबेरे दिसे. प्रार्थनागृहाच्या कारभाऱ्यांशी ते दारात दोन शब्द बोलले, तर ती कान टवकारी.

अखेर एके दिवशी जेवायला म्हणून ती निघाली आणि मागच्या दाराने आत आली. मास्तर ग्रंथावर वाकून कात्रीने तिचे टाके उसवत होते.

"माझ्या पोटावर पाय द्यायला माझंच दुकान सापडलं का, मास्तर?"

मास्तर दचकले, पण कात्री त्यांनी खाली ठेवली नाही. पिशवीतून एक पुस्तक काढून तिच्यापुढे उघडले. पानांच्या घडीवर ताणलेल्या दोऱ्याने कागद कापला होता. पाने हातात आली.

"ही माझी ऐन उमेदीतली शिवण. अशी पुस्तकं आता एकेक करून परत येतायत. तुझे आजोबा म्हणायचे, दोरा ओढू नकोस, नुसता टेकव. मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या हातात जोर नाही, म्हणून सांगतोय."

"आणि मला तेच शिकवलंत?"

"तुझा हात हुबेहूब माझा, पोरी. आता माझाच जोर गेलाय, म्हणून शिवण नीट बसते. आहे की नाही गंमत?"

थोरली हसली नाही. तोंडावर का सांगितले नाही, असे तिने विचारले.

"तू मला फार वर बसवलंस गं. तिथून उतरायची लाज वाटली."

त्यांच्या शब्दावर तिने आता विसंबायचे नाही असे ठरवले. स्वतः शिवलेला भाग उघडून पाहिला. तो कुरकुरला आणि घडी ताणली गेली. मास्तरांनी शिवलेला उघडला. पाने सपाट पडली. मग तिने त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि उरलेले आपले सारे टाके स्वतः उसवले.

"शिकवा पुन्हा. पण आता मी प्रत्येक टाक्याला का म्हणून विचारणार."

"विचार. मी तुझ्या आजोबांना विचारलं नाही, तिथंच चुकलो."

ग्रंथ पुरा होईपर्यंत तिने विचारले, मास्तरांनी सांगितले, आणि पटल्याखेरीज तिने दोरा पुढे नेला नाही. शेवटची गाठ तिने टेकवली. मास्तरांनी ग्रंथ मधोमध उघडून त्यावरून तळहात फिरवला.

"आता फिटलं तुझ्या आजोबांचं," ते म्हणाले.

थोरलीने ग्रंथ आणखी दोन ठिकाणी उघडून पाहिला, आणि मग मान डोलावली.