घशातली खवखव

ननंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं असायचंच, पण या दोघींचं जरा जास्तच मुरलेलं होतं. ननंद थोरली, बिनलग्नाची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि बोलायला लागली की समोरच्याची भीडभाड न ठेवणारी. भावजय हॉटेलच्या लाँड्रीत चादरी तपासायची. घरीही हातात सदा फडकं, म्हणून ननंदेनं लग्नानंतर आठवड्याभरात तिचं नाव ‘फडकंबाई’ ठेवलं, ते पंचवीस वर्षं चिकटलं.

आणि गंमत बघा. ननंदेचा अंडाशयाचा कॅन्सर उलटला, खोलीत सोबतीला एकच माणूस चालेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सख्ख्या भावाला बाजूला सारून तिनं हिचंच नाव सांगितलं. तो तीनदा सांगितलं तर एकदा हात धुतो, म्हणाली. भावजयीनं कुरकुरत महिन्याची रजा काढली, पण खरं सांगायचं तर मनातून ती फुलली होती.

उपचार मोठा जिवावरचा. आधी मशीन लावून ननंदेच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून गोठवून ठेवल्या. मग चार दिवस केमोचे इतके जबर डोस दिले, की कॅन्सरबरोबर हाडांतला रक्त बनवणारा मगजही जळून जावा. मग त्याच पेशी शिरेतून परत सोडल्या. भावाच्या डोक्यात हे शिरेना, तेव्हा ननंदेनंच समजावलं की विरजण बाजूला काढायचं, भांडं खरवडून धुवायचं आणि तेच विरजण परत लावायचं. पण ते लागेपर्यंत दहा-बारा दिवस अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. तेवढ्यात कुणाची साधी सर्दी लागली तरी जिवावर बेतायचं. म्हणून नियम असा, की सोबतीणीला जरा घसा धरल्यासारखं वाटलं तरी त्या क्षणी बाहेर पडायचं आणि नर्सला सांगायचं. भावजयीनं त्याखाली सही केली होती.

पेशी परत सोडल्यापासून सातव्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा घसा खवखवला.

तिनं मनाची समजूत घातली, की हवा कोरडी आहे, मास्कनं होत असेल, पाणी प्यायलं की जाईल. आपलं मन आपल्याला फसवायला किती तयार असतं! ती उठणार तेवढ्यात ननंदेनं तिचा हात धरला. तोंडभर फोड आलेली, केस गेलेली, आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेली ती बाई हळूच म्हणाली, “आज जवळ बस. मला भीती वाटतेय.”

आता कसं उठायचं? आठला जाऊ, असं तिनं ठरवलं. आठला नर्स आली, रोजच्यासारखं विचारलं, बऱ्या आहात ना? भावजयीनं मान हलवली. खोटी मान. नऊ झाले, तरी हात सुटला नाही. दहाला खोकला अनावर झाला तेव्हा ती हात सोडवून धावत बाहेर गेली आणि नर्सपुढे रडली. नर्सनं तिची चांगलीच कानउघाडणी केली आणि घशाचा नमुना घेतला. त्यात सर्दीचा विषाणू निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ननंदेला सणकून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत ताप येतोच, बहुतेक वेळा पेशंटच्याच आतड्यातल्या जंतूंमुळे येतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण ताप कशाचा ते सांगणारा ननंदेचा रिपोर्ट अजून यायचा होता आणि पुढचे दोन दिवस कठीण आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. पहिलं वाक्य भावजयीच्या कानात शिरलंच नाही. वीस हजार चादरींवरचे डाग शोधणाऱ्या बाईला स्वतःचा तीन तासांचा डाग काही केल्या निघेना.

संध्याकाळी तिला काचेबाहेर उभं राहून फोन करायची परवानगी मिळाली.

“वन्सं, मी दहाला सांगितलं. पण घसा सातपासून धरला होता. मी लपवलं.”

काचेपलीकडे ननंद डोळे मिटून पडली होती.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तू आवंढा गिळलास तेव्हाच कळलं मला. तू उठून जाशील, म्हणून तर हात धरला.”

आत नर्स सलाईनची दुसरी बाटली लावत होती.