दोन वाट्यांतील काढा

एका सुनेने सासूच्या जिभेवरील पांढऱ्या बुरशीवर केलेला उपचार व त्यातून उद्भवलेला प्रसंग येथे यथामती निवेदन करीत आहे.

सुनेने चमच्याच्या दांड्याने सासूबाईंची जीभ हळूच दाबली. फाटलेल्या दुधासारखा पांढरा थर कालच्याच जागी पुनश्च उपस्थित होता.

"आई, गुळण्या करता ना?"

"करते गं बाई! तुझ्या काढ्यानं भिंतीचासुद्धा रंग उतरेल."

बारा दिवस ती डाळिंबाच्या साली व लवंगा उकळीत होती. दंतवैद्यांचे थेंबही चालू होते. सासूबाईंची कवळी ती रोज त्याच काढ्यात बुडवून स्वच्छ करी. तरी गुण येईना. दूधसुद्धा झोंबत असल्याने सासूबाईंची पार काडी झाली होती. पंधरवड्यात खाणे सुरू न झाल्यास इस्पितळात हलवावे लागेल, असे दंतवैद्यांनी बजावले होते.

त्या दुपारी भांडी विसळताना सुनेच्या हातातील पेला थबकला. आतल्या खोलीतून आवाज आला होता.

"सावकाश गं, सावकाश."

प्रत्येक 'स'बरोबर बारीक शीळ वाजली. असे फक्त मामंजी बोलत. त्यांच्या कवळीच्या पुढच्या दोन दातांत फट होती. मामंजींना जाऊन सात महिने झाले होते.

तिने दार लोटले. सासूबाई आरशासमोर एकट्याच बसल्या होत्या. त्यांचे ओठ विचित्र पुढे आले होते. मांडीवर मामंजींच्या चष्म्याची डबी उघडी होती. सुनेला पाहताच त्यांनी तोंडातील मोठी, पिवळी पडलेली कवळी काढून ओंजळीत लपवली.

"आई, ही धुतली नाहीत कधी?"

"धुतली, तर ह्यांचं काय उरेल?"

सुनेच्या जिभेच्या टोकावर कठोर शब्द आले होते. ते तिने गिळले व ती शेजारी बसली.

"मामंजींचंही तोंड आलंय, आई. त्यांना नको का काढा?"

सासूबाईंनी ओंजळ छातीशी धरली.

"त्यांना कडू चालत नाही."

"तुम्ही सांगितलंत, तर ऐकतील."

ओंजळ हळूहळू उघडली.

तेव्हापासून ओट्यावर काढ्याच्या दोन वाट्या दिसू लागल्या. तोंड पुरते बरे होईतो मामंजींची कवळी वाटीतून काढायची नाही, असे दोघींत ठरले. नवव्या दिवशी जीभ गुलाबी झाली आणि सासूबाईंनी आपण होऊन खायला मागितले.

सून स्वयंपाकघरात धावली. घाईघाईने केळे कुस्करू लागली. डोळे भरून आल्याने तिला बशी नीट दिसेना. काटा निसटून बोटाला लागला.

"सावकाश गं, सावकाश."

आतून शीळ स्पष्ट वाजली.

सुनेने वाटीकडे पाहिले. मामंजींची कवळी काढ्यात बुडालेली होती.

तिने डोळे पुसले. काटा पुन्हा हाती घेतला, पण या वेळी हळू.

"हो, मामंजी," ती म्हणाली.

आपण अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार. त्या दोन दातांतील फट ज्याच्या हातून राहून गेली, तो आपला नम्र,
कवळीवाला अण्णा