रणहत्तीचं वजन

सकाळी नऊच्या सुमारास रणहत्ती वजनकाट्यावर येऊन उभा राहिला, तेव्हा अर्धं शहर त्याच्या मागे होतं आणि उरलेलं अर्धं गच्च्यांवर. तीन मजली उंची, पुरुषभर उंचीची चार चाकं, पुढे नळीची सोंड आणि सोंडेतून धूर. ओढायला बैल नाहीत, इंजिनाचा आवाज नाही. शेजारून यंत्रबाबा मंत्र पुटपुटत चालायचे आणि हत्ती त्यांच्या पावलाबरोबर सरकायचा. बाबा थांबले की हत्ती थांबायचा. वाटेत बाबांना शिंक आली तेव्हाही तो थांबला, आणि लोकांनी त्या शिंकेलाही हात जोडले.

"चार बोटं जाड पोलाद!" पट्टशिष्य ओरडला. "आत इंजिन नाही, माणूस नाही. आत आहे ती फक्त शक्ती!" मग त्याने बंदूक काढली आणि हत्तीच्या पोटावर तीन बार काढले. पोटावर ओरखडासुद्धा उठला नाही. बंदूक शिष्याची, काडतुसंही शिष्याचीच. पण त्या गर्दीत एवढा हिशोब कोण करतो!

वेळच तशी होती. शत्रूची फौज खिंडीपलीकडे येऊन बसली होती, आणि खिंड राखायला शहरातली साठ पोरं तेवढी होती. त्यांचा नायक टपालवाला होता, कारण धड चालणारी एकमेव बंदूक त्याच्याकडे होती. बाबांनी त्याला छायाव्यूह शिकवला होता. उद्या पहाटे हत्ती पुढे, त्याच्या सावलीत साठ जण चार रांगांत ताठ मानेनं. खंदक खणायचा नाही, आडवं पडायचं नाही, धावायचं नाही. सावलीत गोळी विरघळते. मात्र कुणी मनात शंका आणली, तर सावली फाटते.

"बाबा," एका शिंप्यानं विचारलं, "खिंड पश्चिमेला. पहाटे सूर्य आपल्या पाठीशी. मग सावली शत्रूच्या बाजूला पडेल ना?"

"ती सूर्याची सावली," बाबा शांतपणे म्हणाले. "ही माझी."

लोकांनी शिंप्याकडे असं पाहिलं, की तो पुढे दिवसभर बोलला नाही.

काट्यावरची मावशी हे सगळं खोलीच्या खिडकीतून ऐकत होती. तीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. खिंडीच्या वाटेवरचा नदीचा पूल दहा टनच पेलायचा, म्हणून पुलावर जाणारं प्रत्येक वाहन आधी तिच्या काट्यावर चढायचं आणि तिची चिठ्ठी घेऊनच पुढे जायचं. तिचा आणखी एक नेम होता. गाडी जेवणाच्या सुट्टीत काट्यावर उभी राहिली, तर वजन पुन्हा करायचं. जेवणाच्या वेळेत गाड्यांत काय काय चढतं आणि काय काय उतरतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पहिल्या रांगेत तिचा लेक होता. गवंडी होता, हाताचा पक्का. काल घरी तो म्हणाला होता, "आई, तू काट्यापलीकडे काही बघतच नाहीस. माझी निवड बाबांनी स्वतः केली आहे." त्यावर तिनं नुसती भाकरी उलटली. रात्रभर मात्र तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आता काटा सांगत होता, तीन टन दोनशे किलो.

ती खिडकीतून म्हणाली, "ओ शिष्यमहाराज, चार बोटं जाड पोलादाचा तीन मजली हत्ती तीन टनांत कसा बसला?"

"मंत्रानं वजन हलकं होतं, मावशी!"

"बरं," ती म्हणाली, आणि वहीत आकडा लिहून ठेवला.

काट्याचा चौथरा उंच होता, म्हणून बाबांनी तिथूनच प्रवचन लावलं. दुपारी शिष्यांनी हत्तीच्या मागच्या बाजूला पडदा धरला. यंत्राच्या विश्रांतीची वेळ झाली होती म्हणे. लोक अदबीनं मागे सरले. मावशी तेवढी जागची हलली नाही. तिची नजर काट्यावर होती.

काटा हलला. पासष्ट किलो खाली. थोड्या वेळानं आणखी सत्तर. मग साठ. अशा सहा पायऱ्या उतरून तो थांबला. अर्ध्या तासानं त्याच सहा पायऱ्या तो परत चढला, आणि शेवटी सकाळपेक्षा दहा किलो वर जाऊन स्थिरावला.

मावशी बाहेर आली. तिला पाहून टपालवाला म्हणाला, "झाली का चिठ्ठी?"

"झाली. पण एक अडचण आहे. तुमची शक्ती आत्ता जेवायला गेली होती."

"म्हणजे?"

"सहा वेळा उतरली आणि सहा वेळा चढली. येताना पोटभर जेवून आली, दहा किलोनं वाढली. मंत्रानं वजन हलकं होतं म्हणता, मग जेवणानं जड कसं झालं?"

लेक पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "आई, चारचौघांत शोभा करू नकोस!"

"शोभा व्हायची तर आज होऊ दे. उद्या तुला मी कुठे शोधू?"

बाबांनी डोळे मिटले. "हिच्या शंकेनं सावली फाटली. आता काही घडलं तर दोष माझा नाही."

"दोषाचं नंतर बघू," मावशी म्हणाली आणि टपालवाल्याकडे वळली. "नायकसाहेब, पोलाद आहे, आत माणूस नाही, मग भीती कसली? शिष्यानं गोळ्या झाडल्या, तशी एक तुमच्या बंदुकीतून झाडा. पोटावरच."

 टपालवाल्यानं बंदूक खांद्याला लावली आणि घोडा चढवला.

"अहो, थांबा!" हत्तीच्या पोटातून आवाज आला. "आत माणसं आहेत!"

"गप्प बस!" दुसरा आवाज.

"तू गप्प बस! गोळी तुझ्या बाजूला येणार आहे का?"

मागचं दार उघडून सहा धट्टेकट्टे पुरुष घामाघूम होऊन खाली उतरले. आत एक लांब दांडा होता. तिघे एका बाजूनं, तिघे दुसऱ्या बाजूनं तो फिरवायचे आणि चाकं चालायची. बाहेर मंत्र सुरू झाला की फिरवायचं, थांबला की थांबायचं. सोंडेत ओला पेंढा जळत होता. शिंप्यानं आपली मोठी कात्री हत्तीच्या पोटाला लावली आणि हातभर पत्रा कापून काढला. पत्रा डब्याचा होता.

बाबांना कुणी मारलं नाही. टपालवाल्यानं त्यांच्या हातात फावडं दिलं. त्या संध्याकाळपासून खिंडीत खंदक खणायला सुरुवात झाली, आणि बाबांच्या हातून काहीतरी खरोखर हलताना लोकांनी प्रथमच पाहिलं.

लेक दोन दिवस आईशी बोलला नाही. दिवसभर खणायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

रिकामा हत्ती फुकट कशाला घालवायचा, म्हणून पोरांनी तो ढकलत नेऊन खिंडीच्या तोंडाशी उभा केला आणि सोंडेत पेंढा पेटवला. चौथ्या दिवशी हल्ला झाला. शत्रूनं आपली निम्मी काडतुसं हत्तीवरच संपवली. पोरं बाजूच्या खंदकांत आडवी पडून नेम धरत होती. सूर्य मावळायच्या आत पलीकडची फौज मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मावशी डबा घेऊन खिंडीत गेली. लेक हत्तीच्या मागे, पहिल्या रांगेची जागा ठरली होती तिथे उभा होता. पत्र्याला भोकं पडली होती. गोळ्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं आरपार गेल्या होत्या. त्या भोकांतून येणारे उन्हाचे कवडसे त्याच्या सदऱ्यावर पडले होते. एक पोटावर, दोन छातीवर, एक गळ्याशी.

तो हलला नाही. नुसता म्हणाला, "आई, मी एकदाही विचारलं नाही गं."

"शंका घेऊ नकोस असं जो सांगतो," मावशी म्हणाली, "त्याला आधी विचारायचं, का घेऊ नको? खरं असेल ते विचारल्यानं मोडत नाही. चल, जेवून घे."