सव्वापाच बोटांचा फर्मा

मी बूट नाही, हे आधीच सांगून टाकतो. बुटाला पाय भेटतो, रस्ता भेटतो, चिखल भेटतो. मला यातलं काहीच भेटत नाही. बूट ज्याच्यावर ताणून शिवतात तो पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा म्हणजे मी. आमच्या धंद्यात मला फर्मा म्हणतात. मी डाव्या पायाचा. उजव्या पायाचा माझा जुळा भाऊ शेजारच्या खिळ्याला लटकतो.

मित्रांनो, आमचा जन्म यंत्रावर झाला. एका बाजूला नमुन्याचा पाय फिरायचा आणि दुसऱ्या बाजूला लाकूड अगदी तसंच कापलं जायचं. माझ्यासारखे शेकडो निघाले. कोण कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या टाचेवर आकडा ठोकला. आम्ही कोणा एका माणसाचे पाय नव्हतो. सगळ्यांना चालेल आणि कोणाचाच नसेल असा तो पाय होता. खरं सांगतो, त्यात फार सुख होतं. कोणी आमच्याकडे दुसऱ्यांदा वळून बघत नसे.

मला विकत घेतलं ते एका छोट्या दुकानाने. समोर एक खोली, मागे कामाची जागा, आणि भिंतभर फर्मे. मालकांना सगळे थोरले म्हणायचे. ते ओलं कातडं माझ्यावर ताणून तळाशी बारीक खिळ्यांनी ठोकायचे, वाळू द्यायचे, तळ शिवायचे आणि शेवटी मला बुटातून उपसून काढायचे. ताणणं, ठोकणं, उपसणं. स्वस्थ बसणं आमच्या नशिबात नाही, पण कामाचा कंटाळा मला कधी आला नाही.

मग एक दिवस एक मुलगी माझ्या वाट्याला आली.

तशी ती दुकानात लहानपणापासून यायची. तिच्या डाव्या पायाला करंगळीच्या बाहेर आणखी एक बोट होतं. छोटंसं, पण नखासकट. शाळेतल्या मुलांनी तिचं नाव पाडलं होतं सव्वापाच. तिने ते स्वतःच हसत हसत थोरल्यांना सांगितलं आणि तेव्हापासून थोरलेही तिला त्याच नावाने हाक मारू लागले. लहान मापाच्या फर्म्यांवर तिचे बूट होत गेले. पाय वाढायचा थांबला तेव्हा तिच्या मापाचा फर्मा मी ठरलो.

थोरल्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने ते बोट चाचपलं, मग मला चाचपलं. कातड्याचे तुकडे कापून त्यांनी माझ्या बाहेरच्या अंगाला थरावर थर चिकटवले आणि कडा रापीने, म्हणजे कातडं कापायच्या सुरीने, तासल्या. तिने माझ्या त्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"हे माझं?"

"तुझंच. आता याच्यावर दुसऱ्या कोणाचे बूट व्हायचे नाहीत."

थोरले हे फार कौतुकाने म्हणाले. मला मात्र ते रुचलं नाही. वर्षातून एखादा जोड, बाकी दिवस लटकणं. त्यात त्या उंचवट्यामुळे मी भिंतीला नीट टेकेना. दार उघडलं की वारा यायचा, मी हलायचो आणि जुळ्यावर आपटायचो. टक. टक. गिऱ्हाइकं वर बघायची. एक मुलगा तर आपल्या आईला म्हणाला, "याला गळू झालंय." आई हसली. सगळी भिंत सरळ, सारखी, गुळगुळीत. त्यात मी एकटा असा. मी रोज मनात म्हणायचो, हे एवढं काढून टाका हो कोणीतरी.

माझं म्हणणं ऐकलं ते थोरल्यांच्या धाकट्या भावाने. बरीच वर्षं तो बुटांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तसा तो दुकानात आला. हाताला वेगवान, बोलायला गोड, आणि पसारा दिसला की अस्वस्थ होणारा. त्याने एका मोठ्या हॉटेलचं काम मिळवलं. तिथल्या सगळ्या माणसांना एकाच ढबीचे काळे बूट हवे होते. नेमके त्याच सुमारास थोरले आपल्या लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेले.

मला वगळायचं असतं हे धाकट्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने मलाही कामाला जुंपलं. झालं असं की माझ्यावरचा बूट बाहेरच्या बाजूने फुगलेला निघाला आणि हॉटेलवाल्यांनी तो जोड परत पाठवला. धाकट्याने मला खिळ्यावरून काढून उजेडात फिरवलं.

"किती वर्षांची घाण साचलीय," तो पुटपुटला. "दादाने कधी साफ केलेलं दिसत नाही."

त्याने रापी घेतली, मग कानस, मग पॉलिश पेपर. थोड्या वेळात मी जन्मलो तेव्हा होतो तसा झालो. त्याने मला परत लटकवलं. मी भिंतीला सपाट टेकलो. दार उघडलं, वारा आला, आवाज आला नाही. मित्रांनो, इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता. हॉटेलचे जोडामागून जोड माझ्यावर निघाले. एकही परत आला नाही.

त्याच हॉटेलात स्वागताच्या टेबलाशी तिला नोकरी लागली. दिवसभर उभं राहायचं काम. ती बूट मागायला आली.

"काका नाहीत?"

"मी आहे ना. माप बोल."

तिने माझ्या टाचेवरचा आकडा सांगितला. "काका नेहमी त्याच्यावरच करतात." धाकट्याने मला घेतलं. कातडं माझ्यावर चढलं तेव्हा मला पहिल्यांदा चूक कळली. तिच्या बोटासाठी त्यात जागाच नव्हती. ठोकणीच्या प्रत्येक घावाला मी खटखटून सांगत होतो, पण घाव बसला की लाकूड वाजतंच. तिने बूट घालून बघितले आणि कपाळाला आठी घातली.

"इथे टोचतंय."

"नवा बूट थोडा टोचतोच. कातडं सैल होईल."

थोरले परत आले. पहिल्याच दिवशी काम करता करता दोनदा थांबले, भिंतीकडे बघितलं. "काहीतरी वाजायचं बंद झालंय का रे?" त्यांनी विचारलं. धाकटा म्हणाला, "दाराला तेल घातलंय." थोरल्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. मी गुळगुळीत, सरळ, गप्प.

काही दिवसांनी ती आली. पाय जपून टाकत होती.

"काका, पुढचा जोड साध्या मापाचा करा."

"का गं?"

"बोट काढून टाकतेय. बुधवारी. डॉक्टर म्हणाले, किरकोळ काम आहे."

"कोणी सांगितलं काढायला?"

"सांगायचं कोण राहिलंय? आत्या तर मी पाळण्यात होते तेव्हापासून मागे लागलीय. म्हणते, लग्नाच्या वेळी पाय आधी बघतात. आजवर मी ऐकलं नाही. पण आता ते बोटच ऐकेना. वाढलंय ते. तुमचे बूटसुद्धा चावायला लागले."

थोरल्यांचा हात थांबला. "माझे बूट?"

"तुम्ही गावाला होतात, तेव्हाचे."

"काढ तो बूट."

मोज्यावर रक्ताचा वाळलेला डाग होता. थोरल्यांनी बुटात हात घालून बघितलं, मग उठून मला खिळ्यावरून काढलं. त्यांचा अंगठा सवयीने माझ्या बाहेरच्या अंगाला गेला आणि घसरला. परत आला, परत घसरला.

"हा कोणी तासला?"

"मी," धाकटा म्हणाला. "डिंकाचे थर होते नुसते. घाण."

"घाण नव्हती. हिचं बोट होतं ते."

शिवणयंत्र थांबलं. "मला कोण सांगणार?" धाकटा म्हणाला. "भिंतभर फर्मे, आणि एकाला गाठ. माणूस काढणारच ना, दादा."

"हो," थोरले म्हणाले. "मी सांगायला हवं होतं."

ती स्टुलावर बसली. मोजा काढून तिने त्या बोटावर अंगठा फिरवला.

"म्हणजे बोट वाढलेलं नाही."

"बोट होतं तेवढंच आहे. बूट लहान झाला."

"आणि मी रोज त्याला शिव्या घालतेय. बिचारं."

धाकटा अपराधी चेहऱ्याने उभा होता. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तरी पण काढलंस तर सोपंच जाईल तुला. सगळ्यांसारखा पाय."

तिने भिंतीकडे मान वर केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे फर्मे बघितले.

"सगळ्यांसारखे पाय तुमच्याकडे भिंतभर आहेत," ती म्हणाली. "त्यातला एकही कुठे चालत गेलेला मी बघितला नाही."

मग तिने दवाखान्यात फोन लावला. "बुधवारचं राहू द्या. नाही, दुसरी तारीख नको."

"आत्याला काय सांगशील?" थोरल्यांनी विचारलं.

"बूट मिळाले म्हणून सांगते. आधी मिळू तर द्या."

या वेळी कातडं धाकट्याने कापलं. तिचा पाय त्याने स्वतः मांडीवर घेतला, अंगठ्याने बोट चाचपलं, माझ्यावर थर चढवला, पुन्हा चाचपलं. दोनदा चुकला, दोनदा सोलून काढला. थोरले बाजूला बसून नुसते बघत होते.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. माझ्या लाकडाला चीर गेलीय. धाकटा हल्ली प्लॅस्टिकच्या फर्म्यांबद्दल बोलत असतो आणि ते ऐकून मला चैन पडत नाही. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याही हातात कधीतरी रापी येईल आणि समोर एखादा उंचवटा दिसेल, रांगेत न बसणारा, डोळ्यांत खुपणारा. तो तासायच्या आधी कोणाचा आहे एवढं विचारा. ज्याच्या अंगावर तो आहे त्याला विचारून भागणार नाही. मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

दार उघडलं वाटतं. टक. टक. जुळा वैतागलाय. वैतागू दे.